धांवत आलेला पाहुणा

मराठींत पायीं चालणारांचें वाङ्मय पुष्कळ आहे. वारकरी चालले, काशीयात्रेस निघालेले भिक्षुक चालले, फौजेच्या मागून कारकून चालले, आणि त्यांपैकीं कित्येकांनीं वाटेंत पाहिलेलें लिहून ठेविलें. धांवणारांनीं मात्र कांहींच लिहून ठेविलें नाहीं. जासूद आणि हरकारे हे आपल्याकडील खरे धांवणारे. पण त्यांच्या थैलींतील पत्र दुसऱ्याचें असे, आणि त्यामागची घाई तिसऱ्याची. धांवणें ही चाकरी होती, आणि स्वतःच्या चाकरीचें वर्णन करण्याची हौस सहसा कोणास नसते. अलीकडे ही स्थिति पालटली आहे. शहरांतील सुशिक्षित मनुष्य पहांटे उठून राजीखुषीनें धांवूं लागला. मग डांबरी सडक सोडून डोंगरवाटेस लागला. आणि आतां तर तो रजा काढून, विमानाचें भाडें भरून, दूरच्या उंच गांवीं जातो आणि तेथील चढ-उतारांवर धांवून परत येतो. इंग्रजींत ह्या प्रकारास 'ट्रेल रनिंग' म्हणतात. मराठींत त्यास अजून सुटसुटीत नांव मिळालेलें नाहीं. वृत्तांत मात्र भरपूर मिळूं लागले आहेत. रविवारच्या पुरवण्या, मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक ह्यांतून लेहच्या आणि खारदुंगलाच्या धांवेच्या हकीगती आतां वाचकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. एक नवा वाङ्मयप्रकार डोळ्यांदेखत घडत असतां टीकाकारानें केवळ टाळ्या वाजवीत बसूं नये, म्हणून त्यासंबंधीं आमचें म्हणणें येथें मांडतों.

हें आम्ही कोल्हापुरांत, शिवाजी पेठेंत बसून लिहीत आहों, हें सांगण्यास कारण आहे. शरीर कमावणें ही गोष्ट जेथें घरोघर आदराची आहे अशा थोड्या वस्त्यांपैकीं ही एक होय. येथें तालमीच्या नांवानें माणसाची ओळख सांगतात. फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशीं घरांतील जेवणाची वेळ बदलते. आणि पहांटे रंकाळ्याच्या कांठीं चालणारांची व धांवणारांची दाटी होते. अशा पेठेंतील एखादा तरुण लेहला जाऊन ७२ किलोमीटर धांवून आला म्हणजे चौकांत त्याच्या नांवाचा फलक लागतो, सत्कार होतो, आणि मागाहून तो कोठें तरी चार पानें लिहितो. तीं चार पानें पेठेंतील दुसरीं वीस मुलें वाचतात, आणि त्यांतील दोघे-चौघे पुढल्या वर्षीं निघण्याचा बेत करतात. धांवण्याचें वाङ्मय हें अशा रीतीनें नुसतें वाचलें जात नाहीं. तें आचरलें जातें. कादंबरी वाचून कोणी कादंबरीप्रमाणें वागूं लागत नाहीं, निदान वागूं लागल्यास घरचे लोक त्याची काळजी घेतात. येथें घरचे लोकच हौसेनें सामान बांधून देतात.

ह्या वृत्तांतांची घडण आतां जवळजवळ ठरून गेली आहे. आरंभीं तयारी येते: रंकाळ्याच्या फेऱ्या, जोतिबाचा चढ, पन्हाळ्याचा घाट, सोडलेलें गोडधोड. मग विमान येतें, आणि खिडकींतून हिमशिखरें दिसूं लागतात. ह्या ठिकाणीं लेखकाची भाषा एकाएकीं संस्कृतप्रचुर होते. त्यानंतर पहिले दोन दिवस विश्रांति घेतली, अशा अर्थाचें एक वाक्य येतें. आणि मग स्पर्धेचा दिवस उजाडतो, तो किलोमीटरा-किलोमीटरानें, घड्याळांतील आंकड्यांसह, शेवटच्या वळणापर्यंत. अखेरीस पदक व छायाचित्र. असे वृत्तांत आम्हीं बरेच वाचले. त्यांतील कष्ट खरे आहेत, आनंदहि खरा आहे. लिहिणारांपैकीं बहुतेकांस लेखक म्हणून मिरवावयाचें नसतें. म्हणून त्यांच्या भाषेच्या बारीकसारीक दोषांवर बोट ठेवणें हा क्षुद्रपणा होईल. आमची तक्रार त्या विश्रांतीच्या एका वाक्याविषयीं आहे. जेथें सांगण्यासारखें सर्व कांहीं घडलें तेथें लेखकानें एक ओळ खर्चिली, आणि जेथें प्रत्येकाची हकीगत सारखीच असावयाची तेथें तीन पानें खर्चिलीं.

त्या दोन दिवसांत काय घडतें तें पाहूं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंच आहे. लेह सुमारें ३,५०० मीटर. दिल्लीहून सकाळीं विमानांत बसलेला मनुष्य दीड-एक तासांत तेथें उतरतो. तेथील हवेंत प्राणवायूचें प्रमाण कमी असतें, असें आमचे लेखक हटकून लिहितात. तें बरोबर नाहीं. प्रमाण तेंच, शंभरांत एकवीस भाग. कमी असतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें दोनतृतीयांश भरतो, आणि खारदुंगला खिंडींत जवळजवळ निम्मा. श्वास तेवढाच मोठा घेतला तरी त्यांतून पदरांत पडतें तें थोडें. मग देह आपण होऊन श्वास जलद करतो. त्यामुळें रक्तांतील कार्बन डायॉक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. आणि तो घटला म्हणजे मेंदूच श्वासाला आवर घालूं लागतो. रात्रीं झोंपेंत ह्या दोन हुकुमांची रस्सीखेंच चालते. श्वास वाढत जातो, मग मंदावतो, क्षणभर थांबतो, आणि माणूस दचकून उठतो. मूत्रपिंडें रक्तांतील जादा क्षार बाहेर टाकून हा तंटा मिटवितात, पण त्यांना कांहीं दिवस लागतात. नवे तांबडे कण तयार करण्याचा हुकूम कांहीं तासांतच सुटतो; ते कण तयार होऊन उपयोगीं पडावयास आठवडे जातात. दोन दिवसांत कोणी तेथला होत नाहीं. फार तर त्याचें डोकें दुखावयाचें थांबतें.

धांवपटूची तंदुरुस्ती ह्या बाबतींत त्याच्या उपयोगी पडत नाहीं, ही त्यांतील खरी गंमत. रंकाळ्यावर सर्वांच्या पुढें असणारा गडी लेहला पहिल्या दिवशीं जिन्याच्या बारा पायऱ्या चढून कठड्याला धरून उभा राहतो, आणि त्याच जिन्यावरून घरची प्रौढ मालकीण भरलेली बादली घेऊन वर निघून जाते. ह्या एका प्रसंगांत एक चांगला निबंध आहे. मोठमोठ्यांनाहि हा धडा मिळालेला आहे. १९६८ सालचें ऑलिंपिक मेक्सिको शहरांत झालें. त्याची उंची सुमारें २,२४० मीटर, म्हणजे लेहच्या पुष्कळ खालीं. दहा हजार मीटरच्या शर्यतींत ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क उतरला होता. त्या अंतराचा जागतिक विक्रम त्या वेळीं त्याच्याच नांवावर होता. तो सहावा आला आणि रेषा ओलांडतांच बेशुद्ध पडला. शर्यत जिंकली ती केनियाच्या डोंगराळ मुलखांतील नफ्ताली टेमूनें. मॅरेथॉन जिंकली इथिओपियाच्या मामो वोल्डेनें. क्लार्कची तयारी कमी होती असें कोणी म्हटलें नाहीं. तो त्या हवेंत पाहुणा होता.

आमच्या पेठेला हा विचार नवा वाटूं नये. तालमींत नवा पोरगा आला म्हणजे वस्ताद त्यास पहिल्याच दिवशीं जोड लावून देत नाहीं. तो माती उकरतो, पाणी भरतो, कडेला बसून इतरांचे डाव पाहतो. परगांवच्या आखाड्यांत उतरणारा नामांकित मल्लहि आधीं त्या मातीला हात लावतो आणि तो हात कपाळीं नेतो. लेहला जाऊन खाटेवर निजून काढलेले दोन दिवस हे असेच कडेला बसण्याचे दिवस आहेत. खिडकींतून पॉप्लरचीं झाडें दिसतात, पाटाचें पाणी वाहिल्याचा आवाज येतो, शाळेंतून परतणारीं मुलें अनोळखी माणसालाहि 'जुले' म्हणून जातात. धांवणाऱ्याला गांव पाहण्याची संधि मिळते ती ह्याच दिवसांत, कारण धांवतांना तो घड्याळ पाहत असतो. आणि नेमक्या ह्याच दिवसांविषयीं आमचे लेखक मौन धरतात. त्या दिवसांत ते दुबळे असतात, आणि दुबळेपणा स्मरणिकेंत शोभत नाहीं अशी त्यांची समजूत असावी.

हा नुसता वाङ्मयीन दोष असता तर आम्हीं तो हंसून सोडून दिला असता. पण वृत्तांत वाचणारा मुलगा हिशेब करतो: रजा पांच दिवसांची; जाण्यायेण्याचे दोन; वृत्तांतांत विश्रांतीला एक वाक्य, म्हणजे ती एका दिवसांत उरकण्यासारखी गोष्ट दिसते. डॉक्टरांचा साधारण नियम असा आहे कीं ३,००० मीटरच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका दिवसांत ५०० मीटरांहून अधिक उंच करूं नये, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस मुक्कामच करावा. विमानानें लेहला उतरणारानें हा नियम पहिल्याच रात्रीं मोडलेला असतो. म्हणूनच त्यानें निदान दोन पुरे दिवस कसलेहि श्रम न करतां काढावे असें सांगतात, आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांचे चालकहि बरेच दिवस आधीं येऊन राहण्याचा आग्रह धरतात. डोकेंदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणें, झोंप न येणें, हीं पहिलीं चिन्हें. त्यांकडे डोळेझांक करून वर चढत गेल्यास फुप्फुसांत पाणी भरतें किंवा मेंदूला सूज येते, आणि मग तातडीनें खालीं उतरविणें हाच मुख्य उपाय उरतो. आतां हींच चिन्हें आमच्या वृत्तांतांत कशी येतात पहा. डोकें ठणकत होतें, पण मनाचा हिय्या केला; पोटांत ढवळत होतें, पण पेठेचें नांव आठवलें. वाचक टाळी देतो. आमच्या मतें असें वाक्य छापतांना संपादकानें हात आंवरावयास पाहिजे. ज्याचा हिय्या फळास आला तोच वृत्तांत लिहावयास परत आला. ज्याला अर्ध्या वाटेवरून गाडींत घालून खालीं आणलें तो सहसा लिहीत नाहीं. तेव्हां ह्या वाङ्मयाचा पुरावा मुळांतच एकतर्फी आहे. एका गोळीचा उल्लेखहि कांहीं ठिकाणीं कानगोष्टीसारखा येतो. ती गोळी डॉक्टरांस विचारून घ्यावयाची असते, आणि तिनें दिवसांची भरपाई होत नाहीं, हें लिहिण्यास दोन ओळी पुरतात. पण त्या दोन ओळी आम्हांस फारशा आढळल्या नाहींत.

दुबळेपणा लिहिल्यानें काय साधतें ह्याचें एक जुनें उदाहरण आहे. जोसे दे आकोस्ता नांवाचा एक स्पॅनिश जेसुइट धर्मोपदेशक पेरू देशांतील पारियाकाका नांवाची उंच वाट ओलांडीत असतां भयंकर आजारी पडला. वांत्यांनीं त्याचा जीव कासावीस झाला. १५९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें ही दशा कांहींहि न लपवितां लिहिली, आणि तेथील हवा माणसाच्या श्वासास पुरत नाहीं इतकी विरळ असावी असा तर्कहि केला. पुढें जवळजवळ तीनशें वर्षांनीं, १८७८ सालीं, पोल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाब कमी झाल्यानें प्राणवायु अपुरा पडतो हें प्रयोगांनीं सिद्ध केलें. ह्या शास्त्राच्या इतिहासांत आकोस्ताचें तें पान आजहि आदरानें आठवतात. त्यानें वांत्यांच्या जागीं आपला हिय्या लिहिला असता तर तें पान कोणाच्याच कामास आलें नसतें.

दुसरी तक्रार शब्दांची आहे, आणि ती विशेषतः आम्हां कोल्हापूरकरांची आहे. खिंड सर केली, घाट फत्ते केला, डोंगराला लोळविलें, ही भाषा आमच्या धांवपटूंच्या तोंडीं सहज येते. ती कोठून आली हें शोधावयास लांब जावयास नको. पन्हाळा येथून वीस किलोमीटरांवर आहे. १६६० च्या जुलैंत, आषाढी पौर्णिमेच्या रात्रीं, सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद महाराजांच्या वेषांत शत्रूच्या हातीं सांपडला. बांदलांच्या जमावानिशीं बाजीप्रभु घोडखिंडींत पाय रोवून उभे राहिले. पन्नास-साठ किलोमीटरांची ती वाट पावसांत व अंधारांत तुडविणारे लोक आमच्या पेठेस आपले पूर्वज वाटतात, आणि लांब पल्ल्याच्या प्रत्येक धांवेंत त्या रात्रीचा कांहीं अंश यावा असें वाटणें स्वाभाविक आहे. पण त्या रात्रीची भाषा आमच्या लेखकांनीं नीट ऐकलेली नाहीं. त्या रात्रीं कोणी डोंगर जिंकीत नव्हतें. शत्रु माणसें होतीं. डोंगर, पाऊस, चिखल आणि ती अरुंद खिंड हीं आपल्या बाजूचीं होतीं. मावळच्या लोकांस डोंगर कसा वापरावा हें ठाऊक होतें, कारण त्यांचा जन्मच डोंगरांत गेला होता. ते तेथें पाहुणे नव्हते. शब्द त्यांच्यापासून घ्यावयाचे आणि डोंगराला शत्रु ठरवावयाचें, हा त्या वारशाचा उलटा अर्थ झाला.

शिवाय ज्या खारदुंगलाला आमचे वीर 'सर' करतात तेथें मोटारी जातात. जुन्या काळीं लेहहून यारकंदकडे जाणारे व्यापारी तांडे ह्या खिंडींतून जात; १९७६ सालीं तेथें रस्ता बांधला गेला आणि १९८८ पासून तो सर्वांस खुला झाला. खिंडीवरील पाटीनें कित्येक वर्षें उंची १८,३८० फूट सांगितली. पुढें उपग्रहाच्या साह्यानें मोजलें तेव्हां ती १७,५८२ फुटांच्या आसपास भरली. ही गोष्ट बाहेर येऊन कितीतरी वर्षें लोटलीं, तरी मराठी वृत्तांतांत जुनाच आंकडा दिमाखानें नांदत आहे. आठशें फुटांनीं कोणाचे कष्ट कमी होत नाहींत. परंतु आपल्या घड्याळांत सेकंदाचाहि हिशेब ठेवणाऱ्या लेखकानें डोंगराच्या बाबतींत इतकें उदार असावें ह्याचें नवल वाटतें.

परदेशांत हें वाङ्मय आपल्याहून बरेंच पुढें गेलें आहे, आणि तेथील गुणदोष पाहिल्यास आपल्यास कांहीं शिकतां येईल. क्रिस्टोफर मॅकडूगल ह्या अमेरिकन पत्रकाराचें 'बॉर्न टु रन' हें २००९ सालचें पुस्तक आमच्याकडील धांवपटूंच्या घरींहि आढळतें. मेक्सिकोंतील कॉपर कॅन्यनमध्यें राहणाऱ्या रारामुरी लोकांची, म्हणजे ताराहुमारांची, आणि त्यांच्याबरोबर धांवावयास गेलेल्या पाहुण्यांची ती कथा. पुस्तक चटकदार आहे, आम्हीं तें एका बैठकींत संपविलें. परंतु त्याचा आरंभ लेखकाच्या दुखऱ्या पायापासून होतो, आणि पायाच्या त्या दुखण्याचें उत्तर म्हणून एक सबंध जमात पुस्तकांत येते. रारामुरी तेथें प्राचीन रहस्याचे राखणदार म्हणून शोभतात; अवर्षणानें मक्याचें पीक बुडालें तर वर्षभर खाणार काय, ही त्यांची रोजची विवंचना कडेला राहते. ज्या उरिके गांवीं ती शर्यत होत असे तेथें पुढें मक्यासाठींच कित्येक रारामुरी धांवले, आणि २०१५ सालीं टोळ्यांच्या हाणामारीमुळें चालकांना शर्यत ऐन वेळीं रद्द करावी लागली. पाहुणे आपापल्या देशीं गेले. गांव तेथेंच राहिलें.

त्याच पुस्तकांत कोलोरॅडोंतील लेडव्हिल गांवाचा भाग मात्र आम्हांस फार मोलाचा वाटला. लेडव्हिल १०,१५२ फूट उंचीवर आहे, म्हणजे ३,१०० मीटरांच्या घरांत. तेथील बहुतेक लोकांचें पोट क्लायमॅक्स खाणीवर होतें. ती बंद पडली, गांव ओस पडूं लागलें, आणि केन क्लाउबर नांवाच्या खाणकामगारानें १९८३ सालीं शंभर मैलांची डोंगरधांव सुरू केली. लांब पल्ला ठेवण्यांत एक साधा हिशेब होता: इतकें धांवावयाचें तर पाहुण्यांस गांवांत मुक्काम करावाच लागेल, आणि मुक्काम केला म्हणजे खाणावळी व घरें चालतील. १९९३ सालीं ही धांव व्हिक्टोरियानो चुरो ह्या पंचावन्न वर्षांच्या रारामुरी शेतकऱ्यानें टायरच्या चपला घालून जिंकली. आमच्या वाचकांस चपलांची गोष्ट अधिक आवडेल, हें आम्ही जाणतों. तरी आमचें मन खाणीच्या व मुक्कामाच्या गोष्टीवर अधिक रेंगाळतें. धांव ही तेथें धांवणाऱ्यासाठीं नव्हती, गांवासाठीं होती.

लेहची गोष्टहि ह्याच जातीची आहे, पण मराठींत ती सांगितलेली आमच्या वाचनांत नाहीं. २०१० च्या ऑगस्टांत, पांच व सहा तारखांच्या मधल्या रात्रीं, लेहवर ढगफुटी झाली. जेथें वर्षभरांत सुमारें १०० मिलिमीटर पाऊस पडतो अशा त्या मुलखांत घरें मातीच्या विटांचीं होतीं. चिखलाच्या लोंढ्यांत तीं विरघळलीं आणि दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. (आमच्या गगनबावड्यास तेवढा पाऊस आषाढांत एका दिवसांत पडून जातो, आणि दुसऱ्या दिवशीं लोक शेतावर जातात.) त्यानंतर दोन वर्षांनीं, २०१२ सालीं, लडाख मॅरेथॉन सुरू झाली. खचलेल्या गांवाला उभारी यावी हा तिच्यामागचा एक हेतु होता. खारदुंग गांवाहून निघून खिंड ओलांडून लेहला उतरणारी ७२ किलोमीटरांची धांव ही तिच्याच परिवारांतली. तिच्यांत पुढें असतात ते बहुधा लडाखचे जवान आणि तेथलेच तरुण-तरुणी. मागून धापा टाकीत येणारे आम्ही पाहुणे. आमच्या वृत्तांतांत त्यांचें नांव येत नाहीं. फार तर एक काटक स्थानिक मुलगा जवळून वाऱ्यासारखा निघून गेला, एवढा उल्लेख येतो, जसा एखाद्या पक्ष्याचा यावा. तो मुलगा कोण, हिंवाळ्यांत कोठें सराव करतो, त्याचे वडील काय करतात, हें विचारावयास मुक्कामाचे दिवस होते.

आणि पाणी. लेहचीं शेतें पावसावर पिकत नाहींत. बर्फाच्या वितळणाऱ्या पाण्यावर पिकतात. तें पाणी पाटांनीं फिरवावयाचें, कोणाची पाळी केव्हां तें ठरवावयाचें, ह्यासाठीं गांव एक माणूस नेमीत आलें आहे. त्यास छुरपोन म्हणतात. पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत काय होतें तें पंचगंगेच्या खोऱ्यांतील ऊसवाल्यास सांगावयास नको. तेथील जुने संडास कोरडे असत. त्यांतून शेताला खत मिळे आणि पाणी खर्ची पडत नसे. १९७४ सालीं लडाख प्रवाशांस खुलें झालें, आणि तेव्हांपासून पाहुण्यांसाठीं न्हाणीघरें व पाण्याचे संडास वाढत गेले. धांवून आलेला मनुष्य घामेजलेला असतो. तो दोन बादल्या गरम पाण्यानें स्नान करतो, कपडे धुतो. ह्यांत पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण वाटेवर किती लिटर पाणी प्यालों हें ज्यास लिहावेंसें वाटतें, त्यास न्हाणींत किती सांडलें हेंहि एकदां लिहावेंसें वाटावें. हारुकी मुराकामी हा जपानी कादंबरीकार १९८३ सालीं अथेन्सहून मॅरेथॉन गांवापर्यंत भर उन्हांत धांवला. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या धांवण्याच्या पुस्तकांत तो त्या रस्त्यावर गाड्यांखालीं सांपडून मेलेलीं कुत्रीं-मांजरें मोजतो. त्याच्या वेगाचा आंकडा आम्हीं विसरलों. तीं मेलेलीं जनावरें विसरलों नाहीं.

आपल्याकडे ह्या दृष्टीचा नमुना नाहीं असें कोणीं समजूं नये. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस निघाले, आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. भटजी शूर नव्हते आणि तसा आवहि त्यांनीं आणला नाहीं. झांशीच्या कत्तलींत ते लपून बसले, वाटेंत लुटले गेले, उपाशी राहिले. तें सर्व त्यांनीं लिहिलें, आणि ज्यांच्या घरीं उतरले त्यांच्या घरचें काय चाललें होतें तेंहि लिहिलें. परततांना त्यांच्या खांद्यावर गंगेची कावड होती. आईबापांस त्या पाण्यानें स्नान घालावयाचें होतें. कावड घेतलेल्या माणसास धांवतां येत नाहीं. काकासाहेब कालेलकरांनीं १९१२ सालीं हिमालयांत पायपीट केली आणि तिचें वर्णन प्रथम गुजरातींत लिहिलें. त्यांतहि वेगापेक्षां मुक्काम मोठे आहेत. ह्या दोघांसारखें लिहा असें आम्ही आजच्या धांवपटूस सांगणार नाहीं. त्याचा वेग निराळा, त्याचा काळ निराळा, आणि जलद श्वासांत जें दिसतें तें सावकाश चालणाऱ्यास दिसत नाहीं हेंहि खरें असेल. खिंडीच्या माथ्यावर, जेथें दहा पावलें टाकून थांबावें लागतें, तेथें माणसाला स्वतःच्या देहाविषयीं जें कळतें तें लिहिणारा मराठी लेखक अजून यावयाचा आहे. त्याच्यापाशीं सामग्री आहे. ती तो दोन दिवस विश्रांति म्हणून फेंकून देतो.

लेह लांब आहे. म्हणून जवळचें एक उदाहरण देऊन हा लेख संपवितों. दरवर्षीं जुलैंत पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालावयास माणसांची रीघ लागते, आणि अलीकडे त्यांत धांवणारेहि मिसळले आहेत. मसाईच्या पठारावर धुकें असतें, पायाखालीं चिखल, अंगावर पाऊस. करपेवाडी, पांढरेंपाणी अशा वाटेवरील वस्त्यांतून ह्या लोकांस आसरा मिळतो. कोणाच्या पडवींत, कोणाच्या गोठ्याशेजारीं भिजलेलीं माणसें दाटीनें निजतात, आणि पहांटे निघून जातात. ऐन लावणीचे दिवस. घरच्या माणसांना चिखलणीला जावयाचें असतें. ह्या वाटेचे वृत्तांत आम्हीं पुष्कळ वाचले, आणि ते सर्व शहरांतून गेलेल्यांनीं लिहिलेले होते. त्या वस्त्यांतील एखाद्या शिकलेल्या मुलीनें किंवा मुलानें आपल्या पडवींत शिरलेल्या पाहुण्यांविषयीं चार पानें लिहून पाठविलीं, तर ह्याच मासिकांत त्यांना जागा मिळावी म्हणून आम्ही संपादकांकडे शब्द टाकूं.